क्रेट खाली पडला, तिथे हक्क संपला

मार्च लागला की कोकणातल्या कलमबागांत राखण बसते. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, एक बाजले, बॅटरी, काठी, एखादे कुत्रे, आणि असावा म्हणून कोयता. याच दिवसांत तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानावर पडते : "आपल्या जाग्यात शिरलो तर तोडलो तरी चलता, कायदोच तसो आसा." वाक्य निम्मे खरे आहे. शिरणाऱ्याला अडवायचा, प्रसंगी बळ वापरायचा हक्क कायद्याने दिलेला आहे. तोडायचा हक्कही दिला आहे, पण तो जागेच्या हद्दीवरून ठरत नाही. कोणता धोका, किती मोठा आणि नेमका कोणत्या क्षणी, यावरून तो ठरतो. आपण मोजतो गडग्यापासून, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधापासून, आणि न्यायालय मोजते घड्याळावर. स्वसंरक्षणाचा बचाव कोसळतो तो बहुधा या दोन मापांतल्या फरकामुळे.

कायद्याचा मजकूर आधी पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनी कलमे ९६ ते १०६ आता ३४ ते ४४ झाली. नंबर बदलले, गाभा तोच राहिला. खाजगी बचावाच्या हक्कात केलेली कृती गुन्हाच नव्हे, असे कलम ३४ म्हणते. म्हणजे ही शिक्षेत मिळणारी सवलत नाही, मुळात अपराधच घडलेला नाही. कलम ३५ प्रमाणे हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता नाही, दुसऱ्या कोणाच्याही शरीरासाठी आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेसाठीही आहे, पण तिथे चोरी, जबरी चोरी, आगळीक (मालमत्तेचे मुद्दाम केलेले नुकसान) आणि फौजदारीपात्र अतिक्रमण या चारच गोष्टींविरुद्ध. मालकाच्या बागेसाठी राखण्या उभा राहतो तो या कलमाच्या आधाराने. समोरचा दारूच्या तारेत असला, वेडसर असला, वयाने लहान असला, म्हणून त्याला गुन्हा लागत नसला तरी तुमचा हक्क कमी होत नाही. कलम ३६ मध्ये ते स्पष्ट लिहिले आहे.

आता टपरीवरच्या वाक्याची कसोटी. जीव जाईल इथपर्यंत बळ कधी वापरता येते? शरीराच्या बाबतीत कलम ३८ सात प्रसंग देते : मृत्यूची वाजवी भीती, जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्काराचा हल्ला, अनैसर्गिक कामवासनेचा हल्ला, पळवून नेणे, सुटकेसाठी सरकारी यंत्रणेपर्यंत पोहोचताच येणार नाही असे कोंडून घालणे, आणि अॅसिडचा हल्ला. शेवटचा प्रसंग २०१३ मध्ये जोडला गेला. मालमत्तेच्या बाबतीत कलम ४१ चार प्रसंग देते : जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, माणूस राहतो किंवा माल ठेवला जातो अशा इमारतीला, तंबूला अथवा जलयानाला आगीने किंवा स्फोटकाने केलेली आगळीक, आणि चौथा, ज्या चोरीत, आगळिकीत किंवा गृह-अतिक्रमणात प्रतिकार न केल्यास मृत्यू वा जबर दुखापत ओढवेल अशी वाजवी भीती आहे.

या यादीत आंबा काढणे नाही. काजू वेचणे नाही, नारळ पाडणे नाही, बांध सरकवणे नाही, तारेचे कुंपण तोडणेही नाही. हे सगळे गुन्हे असू शकतात आणि त्यांना बळाने अडवताही येते, पण अडवण्याची कमाल मर्यादा कलम ४२ ने ठरवली आहे : मृत्यू सोडून इतर इजा, तीही गरजेपुरती.

एप्रिलमधली रात्रीची दोनची वेळ धरू. कुत्रे भुंकले, राखण्याने बॅटरी मारली. दोघे जण कलमाखाली, एकाच्या हातात झेला (फळ उतरवायची जाळीची काठी), दुसऱ्याजवळ निम्मा भरलेला प्लास्टिकचा क्रेट. या क्षणी चोरी चालू आहे. राखण्या ओरडू शकतो, आडवा येऊ शकतो, क्रेट हिसकावू शकतो, क्रेट धरलेल्या हातावर काठी घालू शकतो. चोर क्रेट घेऊन पळाला तर लगोलग पाठलागही करू शकतो, कारण कलम ४३ नुसार चोरीविरुद्धचा हक्क चोर मालासह निसटेपर्यंत, किंवा माल परत मिळेपर्यंत, किंवा सरकारी मदत मिळेपर्यंत चालू राहतो. पायवाटेच्या वळणावर चोराने क्रेट टाकला आणि रिकाम्या हाताने धूम ठोकली. माल परत मिळाला. मालमत्तेसाठीचा हक्क तिथेच संपला. पुढच्या दहा पावलांवर त्याच्या पाठीत घातलेला कोयता हा बचाव नव्हे. शवविच्छेदनाच्या अहवालात जखम पाठीवर दिसते, आणि पाठीवरची जखम न्यायालयाला बरेच काही सांगते.

हाच प्रसंग उलटाही फिरू शकतो. बॅटरीचा झोत पडताच क्रेटवाल्याने कोयती काढून राखण्यावर उगारली. आता ही साधी चोरी राहिली नाही. माल नेण्यासाठी इजा करणे किंवा तत्काळ इजेची भीती घालणे म्हणजे जबरी चोरी. शिवाय शरीराविरुद्धचा हक्क वेगळा जागा झाला, आणि धारदार पाते डोक्याच्या उंचीवर उगारलेले असताना मृत्यूची भीती वाजवी नव्हती असे कोणी म्हणणार नाही. अशा वेळी राखण्याच्या काठीने कवटी फुटली तरी तो कलम ३८ आणि ४१ या दोन्हींच्या आत आहे. बाग तीच, माणसे तीच, झाडही तेच. दोन्ही प्रसंगांत अंतर आहे ते आठ-दहा सेकंदांचे.

त्या सेकंदांत किती बळ 'गरजेपुरते', हे न्यायालये सोनाराच्या तराजूवर तोलत नाहीत. हल्ला अंगावर असताना माणूस फटके मोजून मारत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी मान्य केले आहे. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली आहेत. तो खटलाही शेतजमिनीच्या वादातलाच होता : वडिलांवर धारदार शस्त्राने वार होताना पाहून मुलाने गोळी झाडली, आणि न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. भीती खरी ठरली पाहिजे असे नाही, ती त्या परिस्थितीत वाजवी असली म्हणजे पुरते. गुन्हा पूर्ण घडायची वाटही पाहायची नसते. अमजद खान खटल्यात, १९५२ साली, दंगलीत जमाव दुकानाच्या दारावर लाठ्या मारत होता. दार फुटून माणसे आत येईपर्यंत थांबायला हवे होते, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. पळून जायची वाट होती, मग पळाला का नाहीस, हा प्रश्नही आपल्या कायद्यात निर्णायक नाही. पळ काढणे हे कर्तव्य म्हणून लिहिलेले नाही.

उलट टोकाला जयदेव विरुद्ध पंजाब राज्य हा साठच्या दशकातला निकाल आहे. शेताच्या वादात विरुद्ध बाजूचा मुख्य माणूस पडल्यावर बाकीचे पळू लागले. पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्या गोळ्यांना बचाव म्हणून संरक्षण मिळाले नाही. तोंडावर आलेला हल्ला परतवताना पहिल्या वाराला कायदा उदार आहे. भीती ओसरल्यानंतरच्या वाराला तो कसलीही सवलत देत नाही. हक्क असताना सद्भावनेने मर्यादा ओलांडली, आधीपासून कट नव्हता आणि गरजेपेक्षा जास्त इजेचा हेतू नव्हता, तर कलम १०१ च्या अपवादाने खुनाचा सदोष मनुष्यवध होतो. पण तोही कलम १०५ खाली जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतो. वकील जुन्या कलमाच्या आकड्यावरून ज्याला 'फक्त तीनशे चार' म्हणायचे ते हेच, आणि त्यात 'फक्त' म्हणण्यासारखे काही नाही.

चोर पकडल्यानंतर जे होते, त्याविषयी गावांनी जरा शांत डोक्याने विचार करायला हवा. पकडलेल्याला आंब्याच्या बुंध्याला बांधायचे, 'याआधीच्या पेट्या कुठे गेल्या ते बोल' म्हणून सटके द्यायचे, हा प्रकार बचावात अजिबात बसत नाही. कबुली काढण्यासाठी किंवा माल परत द्यायला लावण्यासाठी दुखापत करणे हा कलम १२० चा वेगळा गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. बागेतल्या साध्या चोरीला कलम ३०३ खाली कमाल शिक्षा तीन वर्षे. म्हणजे रात्री ज्याचे नुकसान झाले तो सकाळपर्यंत चोरापेक्षा मोठ्या कलमात जाऊन बसतो. मारणारे पाच किंवा जास्त असले आणि मारामागे त्या माणसाची भाषा, जात, समाज किंवा जन्मस्थान असले, तर जबर दुखापतीला कलम ११७(४), आणि जीव गेला तर कलम १०३(२), ज्यात मृत्युदंड किंवा जन्मठेप एवढेच पर्याय आहेत. वाडीत अनोळखी माणूस दिसला, परप्रांतीय आहे, 'मुले पळवणारा असेल' म्हणून बदडला, असल्या उत्साहात या कलमाचे भान राहत नाही.

खाजगी माणसाने अटक करण्याची तरतूदही आहे, नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचे, कलम ४०. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला पाहिजे, आणि पकडलेल्याला विनाकारण उशीर न करता, उशिरात उशिरा सहा तासांत, पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. सहा तासांची ही मुदत नव्या कायद्याने घातली. इथे आंबेवाल्यांसाठी एक मेख आहे. पहिलाच गुन्हा, मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी, आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर नव्या कलम ३०३ मध्ये शिक्षा फक्त समाजसेवेची, आणि असा गुन्हा अनुसूचीत अदखलपात्र व जामीनपात्र दाखवला आहे. सीझनच्या मध्यावर एका पेटीची किंमत बहुधा या आकड्याच्या खालीच असते. तेव्हा एका पेटीच्या चोराला रात्रभर मांगरात कोंडून ठेवणारा स्वतःच बेकायदा अटकावाच्या तक्रारीत सापडू शकतो. बागायतदारांची चीड समजण्यासारखी आहे. वर्षभराची फवारणी, मोहोरावरची थंडी-ढगांची धास्ती, आणि शेवटी तयार फळ दुसऱ्याने उतरवायचे. पाच हजारांची ही रेघ ओढताना हापूसची बाग कोणाच्या डोळ्यांसमोर नसावी. पण ती बदलायची तर कायद्यात बदलून घ्यावी लागेल, कोयत्याने ती पुसली जात नाही. तोवर करायचे ते एवढेच : चोर धरला की ताबडतोब ११२ लावायचा, पोलीस पाटलाला उठवायचे, चोराला बसवून ठेवायचे आणि हात लावायचा नाही.

याच कारणाने दर हंगामात होणारी बंदुकीच्या परवान्यांची मागणीही मला फोल वाटते. शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे, ती जनावरांपासून पीक राखण्यासाठी. आंबा चोरणाऱ्यावर गोळी झाडण्याचा हक्कच नसेल, तर बंदूक हातात असून राखण्या करणार काय? अंधारात झाडोऱ्यात छर्रा कुठे जाईल याचा भरवसा नाही. निरपराधाला धोका असतानाही बचाव करू देणारे कलम ४४ आहे, पण ते फक्त मृत्यूची वाजवी भीती घालणाऱ्या हल्ल्यापुरते. चोरीसाठी ते उघडत नाही. त्यापेक्षा दोन राखणे, जोरदार बॅटरी आणि शेजारच्या बागेशी ठरवलेली शिट्टी, हे कायद्याच्या आणि जिवाच्या दृष्टीनेही बरे.

कुंपणात वीज सोडणे हा प्रकार तर बचावाच्या व्याख्येत मुळात येतच नाही. हक्क सुरू होतो तो धोक्याच्या वाजवी भीतीपासून. तार लावताना समोर कोणी नसते, धोका नसतो, आणि तारेला चोर, गुराखी, रात्री चुकलेला पोर आणि शेजाऱ्याची म्हैस यांतला फरक कळत नाही. तारेला चिकटून माणूस गेला तर निष्काळजीपणाने मृत्यूचे कलम १०६ किंवा थेट सदोष मनुष्यवध लागतो, आणि आकडा टाकलेला असला तर वीज कायद्याचे कलम १३५ वेगळे. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकला तरी वन्यजीव कायद्यातून सुटका नाही. त्या कायद्याचे कलम ११(२) स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेने जनावर मारल्यास माफी देते. ती माफी गोठ्यात अचानक समोर आलेल्या बिबट्यापुरती आहे, आणि तिथेही मूळ अट अशी की तुम्ही त्या वेळी स्वतः तो कायदा मोडत नसावे.

घराचे तसे नाही. घराला कायदा वेगळ्या मायेने पाहतो. रात्री कौले काढून कोणी आत उतरला, तर ती घरफोडी. जिवाला धोका आहे की नाही हे वेगळे दाखवावे लागत नाही, आणि ते गृह-अतिक्रमण चालू आहे तोवर हक्क चालू. पण उघड्या पडवीत संध्याकाळी भांडायला येऊन बसलेला माणूस म्हणजे घरफोड्या नव्हे. राखण्या ज्या मांगरात झोपतो तो माणसाच्या राहण्याची जागा म्हणून 'घर' ठरू शकतो, नुसता खतांच्या पोत्यांचा मांगरही माल ठेवण्याची इमारत म्हणून गृह-अतिक्रमणाच्या व्याख्येत बसतो. होडीवर खलाशी राहत-झोपत असतील तर होडीही 'घर' आहे, कारण गृह-अतिक्रमणाच्या व्याख्येत इमारत आणि तंबू यांच्या शेजारी जलयान हा शब्द आहे.

समुद्रावरचा प्रश्न जमिनीपेक्षा अवघड आहे, कारण तिथे गडगा नाही आणि साक्षीदार नाही. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले (मोठ्या घेराच्या जाळ्याने मासे धरणारे), एलईडी दिव्यांवर मासे ओढणारे, यांच्यातला राग वर्षानुवर्षांचा आहे, आणि त्या रागात पारंपरिकांची बाजू पुष्कळ अंशी खरी आहे. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, २०२१ मध्ये तो कडक केला गेला, आणि तरीही गस्तीची नौका हवी तेव्हा हवी तिथे नसते. पण नियम मोडून दुसरा मासे धरतो म्हणून त्याची बोट घेरणे, जाळे कापणे, खलाशांना बंदरात आणून कोंडणे याला खाजगी बचाव म्हणता येणार नाही. समुद्रातला न धरलेला मासा कोणाच्या ताब्यातली मालमत्ता नाही, त्यामुळे त्याची चोरी होत नाही. ते परवान्याचे उल्लंघन, आणि त्यावर कारवाई मत्स्य विभागाची. मोठ्या बोटीने तुमच्या पसरलेल्या जाळ्यावरून मुद्दाम पंखा फिरवला, तर ती तुमच्या मालमत्तेची आगळीक. ती अडवायला बळ वापरता येते, मृत्यू सोडून. आणि त्याच बोटीने तुमच्या होडीवर सरळ नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, धरली, तर मात्र प्रश्न जाळ्याचा राहत नाही. खोल पाण्यात होडी फुटणे म्हणजे मृत्यूची वाजवी भीती, आणि तिथे कलम ३८ पूर्ण उघडते. सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन नंबर तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, फोनमध्ये असावेत. मदत वेळेत येईलच असे नाही, पण मदत मागितल्याची नोंद तरी राहते.

आणि आता बांध. खरे तर कोकणातल्या मारामाऱ्यांचा गाभा इथे आहे. गणपतीला किंवा मे महिन्यात चाकरमानी येतात, जमिनीचा विषय निघतो, आणि गडग्याचा एक चिरा हलला म्हणून दोन घरे काठ्या घेऊन उभी राहतात. इथे स्वसंरक्षणाचा बचाव दोन ठिकाणी अडखळतो. पहिले ठिकाण सातबारा. उताऱ्यावर आजोबांच्या पिढीपासून पंचवीस-तीस नावे, वाटप झालेले नाही, आणि 'माझ्या जागेत' शिरलेला माणूस सख्खा चुलत सहहिस्सेदार. अविभक्त जमिनीत सहहिस्सेदाराला घुसखोर ठरवणे कठीण, आणि हक्काच्या प्रामाणिक समजुतीने त्याने काढलेले आंबे चोरी ठरणेही कठीण. पायाखालचे अतिक्रमणच निसटले की त्याविरुद्धचा बचावही निसटतो.

दुसरे ठिकाण ताबा. कायदा मालकीपेक्षा शांत, स्थिर ताब्याकडे पाहतो. मुन्शीराम खटल्यात, १९६८ साली, मुदत संपलेल्या कुळालाही प्रत्यक्ष ताब्याच्या जोरावर जमीनमालकाच्या माणसांविरुद्ध बचावाचा हक्क मिळाला, कारण त्याला कायद्याच्या मार्गानेच उठवायला हवे होते. पुरणसिंग खटल्यात, १९७५ साली, स्थिर ताबा कशाला म्हणावे हे सांगितले : बऱ्यापैकी काळ चाललेला, मालकाला ठाऊक असलेला, लपूनछपून न घेतलेला. कोणी काजूची कलमे लावून सात-आठ वर्षे उत्पन्न घेतो आहे, तर मालकी तुमची असली तरी त्याला काठीने हाकलणे हा बचाव नाही, आणि त्याने केलेला प्रतिकार मात्र बचाव ठरू शकतो. उलट एका रात्रीत तार ठोकून सकाळी 'ताबा माझा' म्हणणाऱ्याचा तो ताबा नव्हे. तुम्ही त्याला लगेच, गरजेपुरत्या बळाने, अडवू शकता. आपण ताब्यात असताना समोर घुसखोरी चालू असेल तर 'आधी तालुक्याला जाऊन या' असे न्यायालय सांगत नाही.

पण कलम ३७ ची अट विसरून चालणार नाही : सरकारी संरक्षण मिळवायला वेळ होता तर हक्क नाही. 'येत्या रविवारी गडगा घालणार' असे आठवडाभर आधी माहीत असताना दोन्ही बाजू मुंबईहून माणसे बोलावतात, कोयते परजून ठेवतात आणि रविवारी भिडतात. ही ठरवून केलेली मारामारी, आणि अशा मारामारीत सहसा कोणत्याच बाजूला बचावाचा हक्क मिळत नाही. शिवाय सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा बंदी आदेश जिल्ह्यात लागू असू शकतो, मग कोयता-काठी घेऊन जमणे हाच वेगळा गुन्हा. त्या आठवड्यात करण्यासारखे बरेच असते. पाणंद किंवा वहिवाटीची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दावा. ताबाच काढून घेतला असेल तर विशिष्ट दिलासा अधिनियमाच्या कलम ६ खाली दिवाणी न्यायालयात, मुदत पुन्हा सहा महिने, आणि तिथे मालकी सिद्ध करायची गरज नाही. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज. शांतताभंगाची भीती असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ किंवा १६४ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे. हे सगळे सावकाश चालते, खेपा घालाव्या लागतात, हे मान्य. पण अर्जाची पोच खिशात असलेला माणूस पुढे न्यायालयात आक्रमक ठरत नाही.

याच कलम ३७ मध्ये सरकारी माणसांचा प्रश्न आहे. सर्वेक्षणाला किंवा अतिक्रमण काढायला आलेले पथक सद्भावनेने, अधिकाराच्या नात्याने काम करत असेल, तर त्याची कृती कायद्यात काटेकोर बसत नसली तरी तिच्याविरुद्ध बचावाचा हक्क नाही, मृत्यू किंवा जबर दुखापतीची भीती असेल तेवढे सोडून. तुम्ही लेखी आदेश मागू शकता, आणि मागूनही तो दाखवला नाही तर चित्र बदलते. म्हणून आधी आदेश मागावा, मोबाइलवर चित्रण करावे, दगड उचलू नये.

प्रसंग घडून गेल्यानंतरच्या तासाभरात बचावाची बाजू बनते किंवा बिघडते. समोरचा पडला की हात थांबले पाहिजेत, आणि जमल्यास त्यालाच दवाखान्यात न्यायची खटपट पहिली. गंमत अशी की पळून गेलेला निरपराधही गुन्हेगार दिसतो, आणि पाणी पाजणारा आरोपीही माणूस दिसतो. ११२ वर केलेल्या फोनची वेळ नोंदली जाते, म्हणून फोन आपण करावा, दुसरा करील म्हणून थांबू नये. कोयता धुऊ नये, कपडे बदलून भिजत घालू नयेत, क्रेट उचलून ठेवू नये. आपल्या अंगावरची जखम, नखाचा ओरखडा असो की तुटलेला दात, ग्रामीण रुग्णालयात दाखवून कागदावर आणावी. दात तुटला किंवा हाड मोडले तर ती जबर दुखापत, आणि पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजचे व्यवहार करता आले नाहीत तरी जबर दुखापत. जुन्या कायद्यात हा आकडा वीस होता. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्ष देऊ शकला नाही तर त्याची कहाणी संशयास्पद ठरते, हे लक्ष्मीसिंग विरुद्ध बिहार राज्य या १९७६ च्या निकालापासून चालत आलेले आहे. पण जखम कागदावर नसेल तर खुलासा मागणार कशाचा?

बचाव सिद्ध करायचा भार आरोपीवर असतो, साक्ष अधिनियमाचे नवे कलम १०८. तो सरकार पक्षाइतका जड नसतो. वाजवी संशयापलीकडे काही दाखवायचे नसते, घटना आपण म्हणतो तशी घडली असण्याचा संभव जास्त आहे एवढे पुरते. ते सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतूनही दाखवता येते. तरीही पहिल्या दिवशी 'मी तिथे नव्हतोच' म्हणणारा आणि खटल्यात 'होतो, पण बचावात मारले' म्हणणारा, स्वतःच्या हाताने स्वतःची बाजू पाडतो. गावातले शहाणे पहिला सल्ला देतात तो नेमका 'मी नव्हतोच' म्हणण्याचा. तो ऐकू नये. आपल्यावर हल्ला झाला ही आपली फिर्याद त्याच दिवशी द्यावी. ठाण्यात घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने, तिथेही दाद नाही तर कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्याकडे. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देते.

राहिला पोलिसांचा भाग, आणि इथे दोष गावकऱ्यांचा नाही. मारामारी झाली की दोन्हीकडून फिर्याद, दोन्हीकडे सारखी कलमे, दोन्हीकडचे चार-चार आरोपी, आणि 'आता आपसात मिटवा'. हे क्रॉस केसचे सोयीचे समीकरण म्हणजे कलम ३४ गुंडाळून ठेवणे आहे. कोण चालून आला आणि कोणी अडवले हा प्रश्न पाच-सात वर्षांनी न्यायाधीशांनी सोडवायचा नसतो. त्याची उत्तरे पहिल्या सकाळी जमिनीवर पडलेली असतात. अडवणाऱ्याला त्या वर्षांत जामीन, तारखा, मुंबईतली गेलेली नोकरी, सगळे भोगावे लागते, आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याच्या बाईवर हात पडला तरी वाडी दारे लावून घेते.

म्हणून पंचनाम्याला बोलावले तर नुसती सही करून येऊ नये. रक्ताचे डाग गडग्याच्या कोणत्या बाजूला आहेत, चिरे कोणत्या अंगाला ढासळले आहेत, त्या रात्री उजेड कशाचा होता, मांगरापासून किती पावले, जवळच्या घरापर्यंत हाक पोहोचते का, आणि क्रेट नेमका कुठे पडला होता, भरलेला की रिकामा, हे लिहून घ्यायला लावावे. लिहिले नसेल तर सहीच्या वर तसे नोंदवावे. पहिल्या पावसात यातले काहीही शिल्लक राहत नाही.